मिरजेत ब्रास बँड आहे, क्लॅरिनेट वाजवतो. मुंबईच्या म्युझिशियन्स असोसिएशनचं कार्ड काढलं तर काम मिळतं का?

क्लॅरिनेट_मिरज

नमस्कार मंडळी. वय २६, मुक्काम मिरज. आमचा ब्रास बँड आहे, आजोबांनी उभा केलेला. वडील बँडमास्तर. मी बाराव्या वर्षापासून क्लॅरिनेट वाजवतो. शिक्षण दहावी, पुढं आयटीआय अर्धवट सोडलं.

मी लहान होतो तेव्हा आमच्या बँडात बावीस माणसं होती. आता अकरा उरलीत. वरातीला लोकांना डॉल्बी पाहिजे. बँड बोलावतात तो नवरदेव मारुतीला जाताना, तासाभरासाठी. तुळशीच्या लग्नापासून पावसाला तोंड फुटेपर्यंत आमचा सीझन. गेल्या सीझनला एकतीस सुपाऱ्या झाल्या. माणसी सातशे-आठशे पडतात. पावसाळ्यात मी सतारमेकरांकडं जातो, भोपळे घासायला आणि पॉलिशला. काम चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, पण चार महिने हातात वाद्य येत नाही आणि ओठाची पकड जाते. ते मला सोसत नाही.

आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी एका ओळखीच्यानं पुण्यात रेकॉर्डिंगला नेलं. मालिकेचं पार्श्वसंगीत होतं. सहा तास वाजवलं. बोलणं चार हजारांचं झालं होतं, निघताना हातात दीड हजार दिले आणि बाकीचे पुढच्या आठवड्यात म्हणाले. तो आठवडा आलाच नाही. नंतर फोन उचलायचे बंद झाले.

दोन महिन्यांनी संध्याकाळी आई भाकरी थापत होती, बाहेरच्या खोलीत टीव्ही लागला होता. आईचा हात थांबला. म्हणाली, "हे तू वाजवतोयस." माझ्याच सुरावटीवर नायिका रडत होती. आईनं मला आवाजावरून ओळखलं, कारण वडिलांची एक लकब माझ्यात आली आहे, खालून सूर उचलून घ्यायची. शेवटी नावं गेली, त्यात संगीतकाराचं नाव होतं, माझं नव्हतं. आई काही बोलली नाही. भाकरी करपली तेवढी.

या मे महिन्यात मुंबईच्या एका पाहुण्यानं लग्नात माझं वाजवणं ऐकलं आणि म्हणाला, मुंबईला ये, म्युझिशियन्स असोसिएशनचं कार्ड काढ, रोज काम आहे. वडील म्हणतात, बँड मोडून जाऊ नको. मला विचारायचं आहे ते एवढंच, की कार्ड काढलं की काम मिळतं का? आणि कार्ड असतं तर माझे अडीच हजार मिळाले असते का? मला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येत नाही, कानावर वाजवतो. एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा वाजवतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी स्पष्ट सांगावं. वाईट वाटलं तरी चालेल.


जुना_व्हायोलिन_डोंबिवली

बाळा, तुझी भाकरीची गोष्ट वाचून मी थोडा वेळ तसाच बसलो. मी ६९ वर्षांचा आहे. १९७९ पासून मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवलं, २००४ पर्यंत. ज्या संस्थेबद्दल विचारतोस त्या सिने म्युझिशियन्स असोसिएशनचा मी सभासद होतो. तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

पहिलं. कार्डामुळे काम मिळत नाही. माझ्या काळातही मिळत नव्हतं. काम अरेंजर देतो, म्हणजे कोणत्या वाद्यानं काय वाजवायचं ते लिहून देणारा, संगीतकार देतो, आणि त्याहून जास्त वेळा शेजारच्या खुर्चीवर बसलेला वादक देतो. त्याला ताप येतो आणि तो सांगतो, "त्याला बोलवा, बरा वाजवतो." आमच्या वेळी मेसेंजर असायचे, ते उद्याचा कॉल घेऊन घरोघरी फिरायचे. मेसेंजरच्या वहीत नाव चढायला मला दीड वर्ष लागलं.

दुसरं. कार्ड असतं तर तुझे अडीच हजार मिळण्याची शक्यता होती, आणि बरीच होती. संघटना आहे ती त्यासाठी. एकट्या वादकाचा फोन न उचलणारा माणूस असोसिएशनच्या पत्राला उत्तर देतो, कारण ही असोसिएशन फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइजशी जोडलेली आहे. १९५६ पासून ती फेडरेशन आहे. कॅमेऱ्याची माणसं, लाइटमन, मेकअपवाले, सगळ्यांच्या संघटना तिच्यात आहेत. वादकाचे पैसे बुडवणाऱ्याला उद्या लाइटमनही लागणार असतो. माझे दोन शिफ्टचे पैसे एका निर्मात्याकडे अडकले होते. आम्ही अडतीस वादक होतो. पत्र गेलं, तीन आठवड्यांत सगळ्यांची पाकिटं आली. एकट्यानं मागितले असते तर मी अजून मागतच असतो.

हे वादकांच्या बाबतीत सिनेमात कशामुळे घडलं हेही समजून घे. पन्नास-साठच्या दशकांत ताडदेवला, महालक्ष्मीला मोठ्या हॉलमध्ये साठ-साठ, कधी शंभर वादक एकत्र वाजवायचे. गायक, कोरस, तालवाद्यं, सगळं एका टेकमध्ये. रोज एकमेकांना भेटणारी शंभर माणसं संघटना करू शकतात. आमचे वर्ग ठरायचे, वाजवून दाखवावं लागायचं, आणि वर्गाप्रमाणे शिफ्टचा दर. त्या दराच्या खाली जायचं नाही, हा नियम कोणी मोडला तर त्याच्याशी बाकीचे बोलत नसत. दर टिकत होता तो त्या न बोलण्यामुळे.

मग कीबोर्ड आणि सिक्वेन्सर, म्हणजे भरून ठेवलेले सूर आपोआप वाजवणारी यंत्रं, आली. नव्वदीच्या अखेरीस माझे महिन्याचे वीस-बावीस कॉल तीनावर आले. आता मोठं स्ट्रिंग सेक्शन हवं असेल तर काही संगीतकार बुडापेस्टला किंवा स्कोप्येला रेकॉर्ड करून आणतात. म्हणून त्या पाहुण्याचं "रोज काम आहे" हे वाक्य मनातून काढून टाक. ते खोटं आहे असं म्हणत नाही, पण ते जुनं आहे.

तुझ्यासाठी जे उरलं आहे ते वेगळं आहे, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. आज एकेकट्या वाद्याला बोलावतात. प्रोग्रॅमिंगच्या गाण्यावर एक बासरी, एक सारंगी, एक क्लॅरिनेट. बँडचा क्लॅरिनेट वाजवणारा सूर खालून उचलतो, मींड घेतो, बोटं अर्धी उघडून श्रुती काढतो. ते बुडापेस्टच्या वादकाला कोणी शिकवलेलं नाही. मिरजेचेच राम कदम आधी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि पुढे मराठी सिनेमाचे मोठे संगीतकार झाले. तुझं वाजवणं बँडचं आहे म्हणून कमी दर्जाचं आहे असं कोणाकडून ऐकून घेऊ नकोस.

पण नोटेशन शिकावंच लागेल. मी साताऱ्याहून आलो तेव्हा मला भातखंडे लिपी यायची, स्टाफ अजिबात नाही. पहिल्या दिवशी मला एका गोव्याच्या म्हाताऱ्या वादकाशेजारी बसवलं. दोघांत एक स्टँड. त्यांनी पानावर नजर टाकली, माझ्याकडे पाहिलं, कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या ओळींवर बारीक अक्षरात सा रे ग म लिहून दिलं. एकही शब्द बोलले नाहीत. मधे सोळा मात्रांचा विराम होता. मी मोजत होतो आणि घामाघूम झालो होतो. त्यांनी आपला बूट माझ्या चपलेवर ठेवला. दर मापाला हलका दाब. सोळाव्याला जरा जोरात. मी बरोबर उचललं. पुढचे चार महिने तो बूट माझ्या पायावर होता. पाचव्या महिन्यात त्यांनी काढून घेतला आणि मी एकटा वाचायला लागलो. संघटना म्हटलं की मला आधी तो बूट आठवतो, कार्ड नंतर.

तुझं वाद्य बी फ्लॅटचं असणार. त्यात आणखी एक गोष्ट आहे. अरेंजरनं पियानोच्या पट्टीतलं पान हातात दिलं तर तुला प्रत्येक सूर एक पूर्ण स्वर वर वाचावा लागतो. तिथे सी असेल तिथे तू डी वाजवायचा. हे हॉलमध्ये उभं राहून जमणार नाही, घरी रोज अर्धा तास करून जमेल. आणि वाद्याला ट्यूनर लाव. बँडांतले कित्येक जुने क्लॅरिनेट चढे असतात, ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला बसत नाहीत. बॅरल, म्हणजे तोंडाच्या तुकड्याखालचा जोड, थोडा बाहेर ओढून बघ किती उतरतो. नाही उतरला तर स्टुडिओसाठी दुसरं वाद्य लागेल, हे आधी कळलेलं बरं.


क्लॅरिनेट_मिरज

काका, तुमचा मेसेज दोनदा वाचला, वडिलांना वाचून दाखवला. बुटाचं वाचताना ते उठून बाहेर गेले. त्यांच्या मास्तरांनी त्यांना काठीनं शिकवलं होतं, एवढंच परत येऊन म्हणाले.

आजोबांचा क्लॅरिनेट ट्यूनरवर लावला. काटा सरळ वरच्या टोकाला जातो. बॅरल ओढून थोडा खाली येतो, पण मग वरच्या सप्तकात बेसूर होतो. माझा स्वतःचा आहे तो बॅरल ओढल्यावर जवळजवळ बसतो.


साथीला_पुणे

दादा, मी हार्मोनियम आणि कीबोर्डवर साथ करते, चौदा वर्षं. सुगम संगीत, नाट्यसंगीत, दिवाळी पहाट, कोजागरी, सगळीकडे. काकांनी सिनेमाचं सांगितलं. मी त्या दीड हजारांबद्दल बोलते, कारण ते माझ्याही बाबतीत झालेलं आहे आणि मी त्यातून काही गोष्टी ठरवून टाकल्या.

बोलणं फोनवर झालं तरी लगेच व्हॉट्सॲपवर लिहून टाका. तारीख, जागा, किती तास, किती पैसे, कधी देणार, प्रवासखर्च कोणाचा, आणि माझं नाव श्रेयनामावलीत येणार. समोरच्यानं "ओके" एवढंच लिहिलं तरी तो पुरावा होतो. मी निम्मे पैसे आधी घेते. सुपारीला विसार घेताच ना तुम्ही? तसाच. बँडाच्या मालकाला विसाराशिवाय तारीख धरायला सांगितलं तर तो धरत नाही, मग स्टुडिओत जाताना आपण का संकोचतो हे मला अजून समजलेलं नाही.

आता नावाचं. नाव लागलं नाही याचं तुमच्या आईला वाईट वाटलं, पण ते फक्त वाईट वाटण्यापुरतं नाही, कायद्याशी त्याचा संबंध आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यात गायक-वादकांना, म्हणजे कायद्याच्या भाषेत सादरकर्त्यांना, त्यांच्या सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क मिळाला. पण त्याच कायद्याच्या व्याख्येत एक अपवाद आहे. चित्रपटात एखाद्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक असेल, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे त्याचं नाव कुठेच दिलं जात नसेल, तर त्याला सादरकर्ता धरत नाहीत. त्याला उरतो तो एवढाच हक्क, की त्याच्या कामाची मोडतोड करून त्याची बदनामी करू नये. म्हणून श्रेयनामावलीत "क्लॅरिनेट" असं लिहून पुढे आपलं नाव येणं याला फार किंमत आहे. रॉयल्टी गोळा करायला गायकांनी २०१३ मध्ये इस्रा ही संस्था काढली, आता ती वादकांसाठीही आहे आणि इसाम्रा या नावानं ओळखली जाते. स्वतःच्या चाली करत असाल तर त्यासाठी आयपीआरएस वेगळी, ती १९६९ पासूनची. कोणत्याही कागदावर सही करताना "सर्व हक्क कायमचे" असं काही दिसलं तर थांबा आणि कोणाला तरी दाखवा.

सांगली आकाशवाणी तुमच्या दारात आहे. ऑडिशनची जाहिरात येते तेव्हा अर्ज करा. बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी असतात. रागांची तयारी लागते, लग्नातली गाणी चालणार नाहीत. पैसे फार नाहीत, पण आकाशवाणीची श्रेणी सांगितली की आयोजक पहिल्या फोनवर बोलायची पद्धत बदलतो. मी बी हाय झाले त्या महिन्यापासून मला कोणी "एखादं बसून जा ना, चहापाणी देऊ" म्हटलेलं नाही.

आणखी एक. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिना पाच हजार, दोन वर्षं, पण वयाची अट १८ ते २५ आहे. तुम्ही थोडक्यात चुकलात. बँडात कोणी धाकटं असेल तर त्याला सांगा. २५ ते ४० साठी कनिष्ठ फेलोशिप आहे, दोन वर्षं, महिना दहा हजार, पण तिला संशोधनाचा प्रस्ताव लिहावा लागतो. मिरजेच्या बँडांचा इतिहास हा विषय कोणी घेतलाय का? वडिलांना बोलतं करा. मी प्रस्ताव लिहायला मदत करीन, खरंच.


म्हापशाचा_ट्रम्पेट

मी गोव्याचा, ट्रम्पेट वाजवतो. मराठी शाळेत शिकलो म्हणून इथे लिहितोय, चूकभूल माफ.

ज्या गोव्याच्या म्हाताऱ्यांबद्दल काकांनी लिहिलं, त्यांना वाचता येत होतं त्याचं कारण आमच्या गावागावांतल्या पॅरिश शाळा. पोर्तुगीज काळात चर्चला जोडून संगीतशाळा असायच्या, तिथे पोरांना सोल्फेज, म्हणजे पान बघून सूर म्हणणं, शिकवायचे, व्हायोलिन शिकवायचे, चर्चमध्ये वाजवून घ्यायचे. तीच पोरं मोठी होऊन मुंबईला धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोल्यांत, राहिली आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत बसली. मास्टर चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, सगळे त्याच मातीतले. म्हणजे वाचणं हे काही रक्तात नसतं, कोणीतरी लहानपणी शिकवावं लागतं. तुमच्याकडे शिकवलं नाही, आता शिका, सहा महिन्यांचं काम आहे.

मला सांगायचंय ते कामाबद्दल. आमच्याकडे तियात्र अजून जिवंत बँडवर चालतं. कोंकणी नाटक, मधेमधे गाणी, आणि रंगमंचासमोर ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बेस, ड्रम्स, कीबोर्ड. वर्षभर प्रयोग असतात. फेस्तांना, म्हणजे चर्चच्या सणांना, ब्रास बँड लागतो, लग्नांना लागतो. डिसेंबरात तर माणसं मिळत नाहीत, आम्ही बेळगावहून बोलावतो. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला सॅक्सोफोन उचलायला वेळ लागत नाही, बोटं बरीचशी तीच. तुम्ही टेनर किंवा आल्टो सॅक्स हातात घेतला तर मिरजेहून गोवा मुंबईपेक्षा जवळ आहे, आणि इथे खोलीचं भाडंही झेपेल. पण पुन्हा तेच सांगतो, इथे पानावरून वाजवतात. दोन तालमी, तिसऱ्या दिवशी प्रयोग.

पहिल्या वर्षी पैसे कमी मिळतील. माझा पहिला डिसेंबर तेवीस प्रयोगांचा होता आणि मी घरी काही पाठवू शकलो नाही, कारण वाद्याचा हप्ता होता. दुसऱ्या वर्षी पाठवले.


खाकी_बँड_कोल्हापूर

भावा, तुझं वय २६ आणि दहावी पास हे वाचून लिहितोय, बाकी सोड आणि हे आधी वाच.

महाराष्ट्र पोलीस भरतीत बॅण्ड्समनची पदं वेगळी निघतात. शिक्षणाची अट दहावी. वय खुल्या गटाला २८ पर्यंत, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. मैदानी ५० गुणांची, १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. लेखी १०० गुणांची. माझ्याबरोबरची बरीच पोरं बँडवाल्यांच्या घरातली. पगार महिन्याच्या महिन्याला, घरातल्यांना दवाखाना, आणि रोज सकाळी वाजवणं. पंधरा ऑगस्टला, एक मेला, परेडला तू मास्तरच्या समोर उभा असतोस आणि लोक उठून उभे राहतात.

नोटेशन भरतीनंतर शिकवतात. मला काही येत नव्हतं. माझे वडील हलगी वाजवायचे.

सैन्यदलाचंही आहे, त्यांचं संगीत प्रशिक्षण पचमढीला होतं, पण तिकडं वयाची अट लहान आहे, तू बसत नाहीस. पोलिसात बसतोस. दोनच वर्षं आहेत तुझ्याकडं, खुल्या गटातला असलास तर. पळायला उद्यापासून लाग. माझी भरती झाली तेव्हा मी १६०० मीटरला मरणाचा दमलो होतो, पण फुंकणाऱ्याची छाती असते, ती कामाला आली.


जुना_व्हायोलिन_डोंबिवली

वरच्या तिघांनी फार मोलाचं सांगितलं. पोलीस बँडचं मला सुचलंच नसतं. माझ्या डोळ्यांसमोर कायम मुंबईच असते, हे माझ्या पिढीचं आहे.

दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे घरून रेकॉर्डिंग. माझा भाचा बासरी वाजवतो, तो नाशकातून फाइल पाठवतो आणि महिन्याला पाच-सहा कामं करतो. माइक कॉम्प्युटरला जोडायचा इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, आणि गोधड्या टांगलेली खोली. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, एवढं मागतात. क्लॅरिनेटला माइक भोंग्यासमोर लावू नकोस, सगळे नवखे लावतात. क्लॅरिनेटचा आवाज बहुतेक सूर वाजवताना भोकांतून बाहेर येतो. मधल्या जोडासमोर, हातभर अंतरावर, जरा वरून. पैसे आल्याशिवाय पूर्ण फाइल पाठवायची नाही, आधी तीस सेकंदांचा नमुना.

दुसरी गोष्ट मी जास्त कळकळीनं सांगतो. तू मुंबईच्या संघटनेत कधी जाशील ते जाशील. सिनेमाचं काम नियमित मिळायला लागलं की जरूर जा, वर्गणी वेळेवर भर आणि सभेला हजर राहा. रिकाम्या खुर्च्यांच्या सभेत ठरलेला दर कोणी पाळत नाही. २०२० च्या टाळेबंदीत रोजंदारीवरच्या सिने कामगारांना मदत पोचली ती फेडरेशनच्या याद्यांवरून. ज्यांची नावं कुठल्याच यादीत नव्हती अशा माझ्या ओळखीच्या दोन ऑर्केस्ट्रावाल्यांनी वाद्यं विकली. एकानं जुना इटालियन अ‍ॅकॉर्डियन विकला, चौदा हजारांना. तो अजूनही विचारतो, कुठे दिसला का.

पण मिरज, सांगली, कुपवाड, इचलकरंजी इथल्या बँडवाल्यांची यादी कुठे आहे? बँडात वाजवणारी माणसं किती, कोणाकडे? संघटना नोंदवायला किमान सात जणांच्या सह्या लागतात. कामगार संघटना म्हणून नोंदवायची तर त्या धंद्यातले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद लागतात, आणि तेही सातांच्या खाली नाही. सोसायटी म्हणून नोंदवलीत तर १८६० च्या कायद्याखाली सात जण पुरतात. वादकाची माणसी सुपारी किती, रात्री दहानंतर वाजवायला लावलं तर काय, जेवण कोणाचं, लांबच्या गावाला गाडी कोणाची, एवढं जरी एका कागदावर आलं तरी पुरे झालं. तुझे वडील मालक आहेत आणि तू वाजवणारा आहेस, हे मला कळतं. त्यांच्याशी बोलूनच कर. आणि नोंदणी होईपर्यंत प्रत्येकाचं ई-श्रम कार्ड काढून टाका, १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांसाठी आहे. बँडवाला त्यात बसतो.


साथीला_पुणे

काका, त्या यादीत वय झालेल्यांची नावंही घाला. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकारकडून आता महिना पाच हजार मानधन मिळतं, पण अर्जासोबत कलाकार असल्याचे पुरावे लागतात, आणि बँडवाल्यांकडे पुरावा म्हणून काय असतं? जुन्या पत्रिकेवर बँडाचं नाव, एखादा फोटो. आजपासून जपायला सुरुवात करा.


क्लॅरिनेट_मिरज

सगळ्यांना मनापासून नमस्कार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

भरतीची जाहिरात निघाली की फॉर्म भरणार. रोज पहाटे पळतो. पहिल्या दिवशी १६०० मीटरला नऊ मिनिटं लागली, काल सात दहा. नोटेशनसाठी इथल्या चर्चमधल्या एका ताईंकडं जातोय, त्या पियानो शिकवतात. पैसे घेत नाहीत, रविवारी वाजवायला ये म्हणाल्या. चौथ्या पानावर आहे. एक स्वर वर वाचायचं म्हटलं की डोकं गरगरतं, पण काल एक ओळ न थांबता झाली.

पुण्यातल्या त्या माणसाला इथल्या साथीला_पुणे ताईंनी सांगितलं तसं लिहून पाठवलं. तारीख, तास, ठरलेली रक्कम, दिलेली रक्कम, कोणत्या भागात वाजलं ते. खाली माझं पूर्ण नाव आणि वाद्य. अजून उत्तर नाही. दोन निळ्या खुणा झाल्यात.

वडिलांशी बोललो. संघटना म्हटल्यावर आधी चिडले, मालकाच्या पोरानं मालकाविरुद्ध उभं राहायचं का म्हणाले. मी गप्प बसलो. रात्री जेवताना त्यांनीच विचारलं, माणसी किती धरणार? मी म्हटलं, बाराशे. ते म्हणाले, मग सगळ्या बँडांनी बाराशे धरायला पाहिजेत, नाहीतर आम्ही मरू. मी म्हटलं, त्यासाठीच.

रविवारी आमच्या घरी बसलो. चार बँडांतली तेरा माणसं आली. वडिलांनी आजोबांच्या सुपाऱ्यांची जुनी वही काढली, तिच्यात १९७१ पासूनच्या तारखा आहेत, गाव, लग्नघर, रक्कम आणि त्या दिवशी कोणकोण वाजवायला होतं त्यांची नावं, प्रत्येकाची. ताई, पुरावा म्हणून चालेल ना ही? तिच्यातली सहा माणसं हयात आहेत. त्यातले एक समोरच बसले होते, पूर्वी बास ड्रम वाजवायचे, आता हात थरथरतो. वडिलांनी त्यांचं नाव वाचलं आणि वही त्यांच्याकडं दिली. ते वाचू शकत नाहीत. त्यांनी नावावर बोट ठेवलं आणि ही ओळ कुठल्या गावची म्हणून विचारलं. वडील म्हणाले, बेडग. ते म्हणाले, हो, त्या दिवशी पाऊस आला होता, ड्रमवर मी माझा शर्ट घातला होता.

नवीन कोऱ्या वहीत पहिलं नाव त्यांचं लिहिलं.